बरी झालेली तुळसा

काळुराम साक्ष द्यायला उभा राहिला की तुळसालाही उभं राहावं लागे. तो नवरा म्हणून बोलायचा आणि ती पुरावा म्हणून उभी असायची. कोपरीत एका दुकानाच्या माडीवर दर रविवारी त्यांची मंडळी जमायची. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक कीबोर्ड आणि मधेच किंचाळणारा माइक एवढाच पसारा. गाणी आटपली की पास्टर साईनाथ विचारायचे, "आज कोणाची साक्ष आहे?" म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांदेखत उभं राहून सांगायचं. कुणाला नोकरी लागलेली असे, कुणाच्या पोराचा ताप उतरलेला असे. पण काळुरामपुढे हे सगळे किरकोळ. त्याच्या बायकोच्या पोटातली कॅन्सरची गाठ गेली होती.

पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यानं सगळं सांगितलं होतं. डॉक्टरीणबाईंनी पोट उघडलं, नारळाएवढी गाठ काढली, प्रभूनं त्यांच्या हाताला यश दिलं. मंडळींनी हालेलुया म्हटलं, पण बेताचंच. दुसऱ्या खेपेला ऑपरेशन एका वाक्यात उरकलं. मग कुठूनसं 'डॉक्टरांनी हात टेकले' हे वाक्य आलं. पावसाळा सरेपर्यंत डॉक्टरीणबाई साक्षीतून पार गळून गेल्या होत्या. उरले होते काळुरामचे उपास, रडून केलेली प्रार्थना आणि स्वच्छ रिपोर्ट. त्याला खोटारडा म्हणणं सोपं आहे, पण तो खोटं बोलत नव्हता. सांगता सांगता त्याला तसंच आठवायला लागलं होतं. समोरचा हालेलुया वाढत गेला की कुणाचीही आठवण सुधारते.

तुळसाच्या हे लक्षात आलं नव्हतं असं नाही. पोटावरचा टाका रोज आंघोळीला तिच्याच हाताखाली येत होता. पण या माणसाला तिनं बाळकुमच्या नाक्यावर गटाराशेजारी पडलेला पाहिलेलं, खांद्याखाली हात घालून घरी आणलेलं. प्रभूच्या वाटेला लागला आणि त्याची दारू सुटली, हात उगारणं सुटलं, चारचौघांत मान वर करून बोलायला लागला. असा माणूस डोळ्यांत पाणी आणून आपल्याविषयी बोलतोय, तर मधेच डॉक्टरीणबाई कशाला काढायच्या? तिनं नाही काढल्या. मान खाली घालून उभी राहिली, एवढंच केलं.

दर तीन महिन्यांनी दाखवायला या, असं हॉस्पिटलात बजावलं होतं. पहिल्या खेपेला दोघं गेली. दुसरी तारीख आली तेव्हा काळुराम म्हणाला, "प्रभूनं बरी केलीय ना तुला? मंग तपासाय जायचं म्हंजे त्याच्यावर शंका घेतल्यासारखं." तुळसा राहिली घरी. तिलाही त्या वासाचा, त्या बाकड्यांचा कंटाळा आलेला. आणि खरं सांगायचं तर तेव्हा तिचाही विश्वास होता.

दुखणं परत आलं ते जानेवारीत. ओळखायला वेळ लागला नाही. तेच, तिथंच, तसंच आतून ओढणारं. जेवणावरची वासना गेली, दोन घास खाल्ले की पोट टम्म व्हायचं. न जेवण्याचं कारण शोधावं लागलं नाही, कारण त्यांच्या मंडळींत उपास करून प्रार्थना करणारी बाई म्हणजे मोठी मानाची. "तुळसाबाय आज पण उपासाला हाय," असं काळुराम अभिमानानं सांगायचा, आणि बायका तिच्याकडे आदरानं बघायच्या. ती वाळत चालली तसं तिचं भक्तीत नाव होत चाललं. या गोष्टीचं तिला एकदा हसू आलं आणि हसताना पोटात अशी कळ गेली की ओट्याला धरून उभं राहावं लागलं.

सांगणार तरी कुणाला? मुलगा मितेश लग्नानंतर कल्याणला राहायला गेला होता. आईबापांच्या प्रार्थनेबिर्थनेत पडायचं नाही असं त्यानं ठरवलेलं. त्याला सांगितलं असतं तर तो पहिल्यांदा बापाशी भांडला असता. आणि गावात सांगायची सोयच नव्हती. बारा वर्षांपूर्वी दोघांनी घरातले देव पास्टरांच्या हवाली केले त्या दिवसापासून भावकीनं त्यांना वगळलं होतं. थोरला दीर भिवाजी दारात उभा राहून म्हणाला होता, "मेल्यावर खांदा द्यायला तुमच्या गोऱ्या देवाला बोलवा." गेल्या वर्षी त्याच्या हेमालीची हळद झाली. खाली मांडव, डीजे, अख्खं गाव नाचतंय, आणि ही सख्खी काकी आपल्या टॉवरच्या नवव्या मजल्यावरच्या गॅलरीत कठड्याला टेकून बघतेय. तिच्या मांडीवर वाढलेली पोर ती. तुळसाचं दुखणं उलटलं हे खाली कळलं असतं तर गावदेवीचा कोप झाला असं म्हणून गाव मोकळं झालं असतं.

असा तो मार्चमधला रविवार. पास्टर साईनाथ त्या दिवशी माणसाच्या चार दिवसांच्या आयुष्यावर बोलत होते. त्यांचं नाव साईनाथ कसं, असं नवीन माणूस हटकून विचारायचं. आईबापानं ठेवलंय, प्रभूला चालतं, असं ते हसून सांगायचे. माणूस सरळ होता. डोंबिवलीत भाड्याच्या घरात राहायचा आणि बोलायचाही तसंच.

"आपण इथं परके आहोत," ते सांगत होते. "आपलं जगणं म्हणजे काय? अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट. भिंतीला खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारा. आणि आपण काय करतो? फर्निचर करतो! अरे, सकाळी गवतावर दव असतं, ऊन आलं की कुठे जातं? तेवढंच आपलं. आपलं खरं घर वर आहे. तिथून कोणी खाली करायला सांगणार नाही."

मंडळींनी आमेन म्हटलं. तुळसाच्या तोंडून आमेन निघालं नाही. पास्टरांना परकं असणं सोपं जात असेल, तिच्या मनात आलं, त्यांनी दर दोन वर्षांनी सामान बांधलंय. तिनं कधी बांधलं नव्हतं. ती ढोकाळीला जन्मली आणि तिथून हाकेच्या अंतरावर बाळकुमला नांदायला आली. तिच्या सासऱ्यांनी या खाडीकाठी भात लावला, मिठाच्या आगरात पाय भाजून घेतले. कुणाचे भाडेकरू नव्हते ते. परकं तिला इथंच केलं गेलं. आधी बिल्डर आला आणि शेतावर टॉवर उभा राहिला. मग भावकीनं दार लावलं. आता पोटातसुद्धा कुणीतरी येऊन जागा बळकावत होतं. वरचं घर कसं असतं ते तिला डोळ्यांसमोर आणता येत नव्हतं. तिला खालचं हवं होतं. आणखी काही वर्षं, या गॅलरीतून दिसणारी गढूळ खाडी, मासळीवाल्या मंजुळेशी रोजची घासाघीस, काळुरामचं घोरणं. एवढंच मागायचं होतं आणि नेमकं एवढंच मागायला तिथं लाज वाटत होती, कारण तिथं सगळे म्हणायचे की हे मागणं म्हणजे जगाची ओढ.

प्रार्थना संपल्यावर एक तरुण बाई तिच्याकडे आली. डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली, भुवया गेलेल्या. तुळसाला काही विचारावं लागलं नाही.

"काकू, मी समीक्षा. डोंबिवलीवरून आलेय," ती म्हणाली आणि तिनं तुळसाचा हात दोन्ही हातांत धरला. "मागच्या रविवारी काकांची साक्ष ऐकलेली. रात्रभर झोपच नाही आली मला, एवढा आनंद. माझं छातीचं आहे. तीन केमो झाले. चौथा येत्या गुरुवारी आहे. काकू, खरं सांगू? मी आता नाही जाणार. खूप त्रास होतो. पोरगं जवळ यायला घाबरतं मला. तुम्ही पण बंदच केलेलं ना सगळं?"

तुळसानं तोंड उघडलं. पण काळुराम शेजारीच होता, आणि तो आनंदानं अगदी फुलून आला होता. "पोरी, इस्वास ठेव," तो म्हणाला, "ही बघ, तुझ्यासमोर उभी हाय. एक गोळी नाय घेत." हे तर खरंच होतं. तुळसा एकही गोळी घेत नव्हती. समीक्षानं वाकून तिचा तळहात स्वतःच्या छातीवर ठेवला आणि डोळे मिटले. हाताखाली तुळसाला तिचं काळीज धडधडताना कळत होतं. त्या वेळी बोलायला हवं होतं. ती एवढंच म्हणाली, "बुधवारी घरी ये माझ्या. दुपारची ये." दुपारी काळुराम खोपटला भाच्याच्या दुकानावर बसायचा.

मधले दोन दिवस तिनं कसे काढले ते तिलाच माहीत. एका बाजूला नवरा होता. त्याची साक्ष खोटी पडली तर तो नुसता लाजणार नाही, कोसळेल. आणि कोसळलेला काळुराम कुठे जाऊन पडतो ते तिला ठाऊक होतं. दुसऱ्या बाजूला ही भुवया नसलेली पोर. आणि या दोघांच्या मधे प्रभू, ज्याच्याशी ती रोज बोलायची आणि जो हल्ली एक अक्षर बोलत नव्हता. तिनं त्याला विचारलं, अगदी ओट्यापाशी उभं राहून, भांडी घासता घासता. तू मला बरं केलंस की नाही? केलंस तर हे काय आहे? नाही केलंस तर तुझं नाव घेऊन आम्ही एवढे महिने काय सांगत सुटलोय? नळ वाहत राहिला. पाणी वाया जातंय हे लक्षात आल्यावर तिनं तो बंद केला.

बुधवारी समीक्षा आली. पोराला शेजारणीकडे ठेवून आली होती. तुळसानं दार लावलं, तिला पलंगावर बसवलं, आणि काही न बोलता पदर बाजूला करून टाका दाखवला. बेंबीपासून खाली, जाडसर, लांबलचक.

"डॉक्टरनी काढलेली माझी गाठ," ती म्हणाली. "कापून. आमचे हे सांगाय विसरतात." मग तिनं समीक्षाचा हात ओढून स्वतःच्या पोटावर दाबला. "आनि ही बघ. लागतंय हाताला? परत आलीय. कोनाला नाय सांगितलं अजून, तुला सांगते. तू उद्या जा. केस येतील परत. भुवया येतील. पोरगं पन येईल जवळ. तू जा."

समीक्षानं हात काढून घेतला, भाजल्यासारखा. तिच्या चेहऱ्यावर राग येईल, दुःख येईल, असं तुळसाला वाटलं होतं. आली ती कीव.

"काकू," ती हळूच म्हणाली, "तुमचा विश्वास कमी पडला असेल का?"

दोन महिने तुळसा स्वतःला तेच विचारत होती. आपण तपासायला गेलो नाही ते विश्वासानं की कंटाळ्यानं? आणि रविवारी आमेन तोंडातून निघालं नाही, तेही त्यातलंच का? समीक्षानं तिचे डोळे पुसले, तिच्यासाठी छोटी प्रार्थना केली आणि ती गेली. जाताना "उद्या जाते" म्हणाली नाही, "जात नाही" असंही म्हणाली नाही. तरी तुळसानं मनाची समजूत घातली की जाईल. टाका डोळ्यांनी बघितलाय तिनं, जाईलच.

संध्याकाळी काळुराम आल्यावर तिनं त्यालाही सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून त्याच्या कानावर जाण्यापेक्षा ते बरं. तो चहा पीत होता. त्यानं कप खाली ठेवला. मग त्यानं विचारलं, "कोनाला सांगितलंस?"

दुखतं का, कधीपासून दुखतं, हे त्यानं नंतर विचारलं. तिला जवळ घेतलं, रडला, स्वतःच्या तोंडात मारून घेतलं, उद्याच्या उद्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ म्हणाला. सगळं केलं. पण पहिला प्रश्न तो होता, आणि तुळसानं तो ऐकला होता. तिला त्याचा राग आला नाही. एवढंच कळलं की या घरातही आता ती एकटी आहे. चाळीस वर्षांचा संसार, आणि आपल्या मरणाची बातमी देताना आपण नवऱ्याला त्रास दिला असं वाटावं, यापरतं परकेपण कोणतं? परकं व्हायला माणसानं मरायची तरी गरज काय?

गुरुवारी दोघं हॉस्पिटलात गेली. डॉक्टरीणबाई तिच्यावर ओरडल्या. मग पोट तपासता तपासता गप्प झाल्या, आणि त्या ओरडत होत्या तेच बरं होतं असं तुळसाला वाटलं. पसरलं होतं. आता कापण्यासारखं राहिलं नव्हतं. दुखू नये म्हणून औषध लिहून देते, असं म्हणून त्या खाली बघून लिहायला लागल्या. तुळसाची नजर सबंध वेळ दारातून बाहेरच्या बाकड्यांवर होती, डोक्याला ओढण्या बांधलेल्या बायकांवर. समीक्षाचं हॉस्पिटल दुसरं, हे ठाऊक असूनसुद्धा.

रविवारी काळुराम रिक्षात म्हणाला, "आज आपन मागं बसू. साक्ष नको." मागे बसली दोघं. पण साक्षीची वेळ झाली आणि बाराएक खुर्च्या वळून त्यांच्याकडे बघायला लागल्या. पास्टर साईनाथ माइकवरून प्रेमानं म्हणाले, "काळुरामभाऊ, आज गप्प का? नवीन मंडळी आलीत, त्यांना बळ मिळू दे."

काळुराम उठला. नाही म्हणायची त्याला सवयच राहिली नव्हती. माइक हातात आला आणि जुनी वाक्यं आपोआप यायला लागली, आवाज तेवढा फाटत होता. बायको मरायला टेकलेली. डॉक्टरांनी हात टेकलेले. मी गुडघ्यावर पडलो. "आनि प्रभूनं गाठ..."

"डॉक्टरीनबाईंनी काढली," तुळसा म्हणाली.

ती उभी राहिली होती. माइक नव्हता, तरी माडीभर ऐकू गेलं. "त्यांनी काढली. तपासाय बोलावलं, आमी गेलो नाय. परत आली. आता ती कापता पन येत नाय. मी मरते. मना मरायचं नाय, पन मरते. माझ्याकडं बघून कोनी औषध सोडू नका." आणि मग, इतके महिने आत दाबलेलं एकदम वर आल्यासारखं, "मना वरचं घर नको हाय अजून!"

कीबोर्डवाल्या नयनचा हात पट्टीवर पडला आणि एक सूर नुसताच वाजत राहिला. काळुरामनं माइक छातीशी धरून मान खाली घातली. कुणी रागावलं असतं, तर तुळसाला चाललं असतं. कुणी खोटारडे म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण पास्टर साईनाथांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खरंखुरं पाणी, आणि त्यांनी दोन्ही हात वर केले.

"बहिणीवर मोठा हल्ला झालाय," ते म्हणाले. "सैतान तिच्या तोंडून निराशा बोलवतोय. सगळे उठा. हात पुढे करा."

सगळे उठले. खुर्च्या सरकल्या, हातांचं रान तिच्या दिशेनं आलं, आणि माडी दुमदुमायला लागली. प्रत्येक जण आपल्या शब्दांत, आपल्या आवाजात, तिच्यासाठी देवाला गळ घालत होता. ती काय बोलली ते त्या गदारोळात पुसून गेलं. काळुरामनंही हात वर केले होते. गालांवरून धारा वाहत होत्या आणि ओठ हलत होते. त्याला परत काहीतरी मागायला मिळालं होतं. तुळसा मधोमध उभी होती. इतकी माणसं, इतकी माया, आणि एकाचंही तिच्याकडे लक्ष नव्हतं.

मग तिला पुढच्या रांगेत समीक्षा दिसली. डोळे घट्ट मिटलेले, मान मागे टाकलेली, दोन्ही हात सगळ्यांपेक्षा लांब पुढे आलेले, आणि आवाज सगळ्यांत वर. ओढणी घसरून गोटा झालेलं डोकं उघडं पडलं होतं. तुळसा वाट काढत तिच्यापर्यंत गेली आणि तिनं तिचं मनगट पकडलं.

"गुरुवारी गेलीस ना?"

समीक्षानं डोळे उघडले. चेहरा घामानं डबडबलेला होता आणि त्यावर निर्धास्त हसू होतं.

"नाही गेले, काकू. तुमचा टाका बघितला आणि मला कळलं, तुमच्यासाठी कोणीतरी पूर्ण विश्वासानं मागायला पाहिजे. गुरुवारी सकाळपासून दार लावून प्रार्थनेला बसलेले. तुमच्यासाठीच."

"उद्या जा. माझ्यासंगं चल, मी नेते तुला."

"काकू, घाबरू नका ना."

"अगं, पोर हाय तुला," तुळसा ओरडली. हाताची पकड तिनं सोडली नव्हती. "साडेचार वर्साचं. तू नाय राहिलीस तर त्याला कोन बघंल?"

"प्रभू बघेल," समीक्षा म्हणाली, आणि तुळसाच्या डोक्यावर हात ठेवून पुन्हा तिच्यासाठी मागायला लागली.